डोक्यावरून कान धरता येतो का?

आमच्या आजोबांच्या पिढीत मुलाची जन्मतारीख हेडमास्तर ठरवत असत. पेण-रोह्याच्या कोणत्याही जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडून पाहा, पानामागून पान एक जून. जणू सगळा तालुका एकाच दिवशी जन्माला आला. आईबापांना तारीख आठवत नसे. ‘लावणीच्या दिवसांत झाला’, ‘रमजानला दोन महिने होते’, ‘कुंडलिकेला मोठा पूर आला त्या साली’, एवढीच खूण. मग गुरुजी मुलाला समोर उभा करून सांगत, ‘उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर.’ बोटे कानाला लागली की सहा वर्षे पूर्ण, नाव दाखल. लागली नाहीत तर ‘पुढच्या साली आणा’.

बी.एड. करताना मानसशास्त्राचा पेपर हातात पडला तेव्हा आम्हाला या कान धरण्याचे हसू आले होते. आता येत नाही. त्या गुरुजींकडे वजनकाटा नव्हता की जन्मदाखला, पण नजर होती. नवजात बाळाचे डोके त्याच्या सगळ्या लांबीच्या चौथा हिस्सा असते आणि मोठ्या माणसाचे साधारण आठवा हिस्सा. म्हणजे डोके आधी वाढून बसते आणि हातपाय मागून लांब होत येतात. चार वर्षांच्या मुलाचा हात त्याच्या डोक्यापुढे आखूड पडतो, सहाव्या-सातव्या वर्षी तो पुरतो. गुरुजी नकळत शरीराचे प्रमाणच मोजत होते. चूक एवढीच की हात पुरला म्हणजे आतले सगळे तयार झाले, असे धरले जाई. त्या चुकीत आपण अजून आहोत, फक्त कान धरायला सांगत नाही.

आज उलटे झाले आहे. जन्मदाखला हातात असतो, तारीख-वेळ सगळे त्यावर छापलेले असते आणि तरी मूल कोणत्या वयाचे आहे याचा विसर घरालाच पडतो. अडीच वर्षांच्या पोराच्या हातात पेन्सिल आणि तेरा वर्षांच्या मुलीला ‘आता तू मोठी झालीस’. लहानाला मोठे करण्याची घाई आणि मोठ्या होत असलेल्याला एकदम मोठे ठरवण्याचीही घाई. या दोन घायांमध्ये मुलांचे काय होते ते आम्ही वीस वर्षे वर्गात आणि रोहा-पेण गाडीत पाहतो आहोत. त्याबद्दल चार गोष्टी वाचक भगिनी-बंधूंशी बोलायच्या आहेत.

पापडाची लाटी आणि पेन्सिल

पहिल्या पाच वर्षांत शरीर ज्या वेगाने धावते तो वेग पुन्हा कधी येत नाही. जन्मावेळचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट, वर्षाला तिप्पट. जन्मावेळची लांबी चौथ्या वर्षी दुप्पट. मेंदू जन्मताना मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पाव हिश्श्याएवढा असतो आणि पाचव्या वर्षापर्यंत वजनाने नव्वद टक्क्यांच्या आसपास जाऊन पोहोचतो. ही वाढ कशावर होते? दूध, झोप, अंगावर फिरणारा हात आणि कानावर पडणारी बोली यांवर. दिव्य कुरआनने पूर्ण दोन वर्षे अंगावर पाजण्याची गोष्ट सांगितली आहे आणि डॉक्टरही हेच म्हणतात: सहा महिने फक्त आईचे दूध, पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षे आणि त्यापुढेही. आमच्या भागात मात्र सुईणीच्या काळापासून चालत आलेला मध चाटवण्याचा आणि पाणी पाजण्याचा हट्ट अजून सुटत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नये, हे आजीला प्रेमाने पण ठामपणे सांगावे लागेल.

आता पेन्सिलीकडे येऊ. आपल्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मावेळी ती हाडे नसतातच, नुसती मऊ कूर्चा असते आणि एकेक करून ती टणक होत जातात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी जेमतेम निम्मी तयार असतात. त्या मनगटाकडून आपण चार रेघांच्या वहीत अलिफ-बे, अआइई आणि एबीसीडी अशा तीन लिप्या एकदम मागतो आणि अक्षर वाकडे आले की ‘घाण लिहितो’ म्हणतो.

पेणमध्ये राहणाऱ्यांना हे समजावणे सोपे आहे. पेण म्हटले की लोकांना गणपतीचे कारखाने आठवतात. मूर्तीचा भाग बाजूला ठेवू, मातीचा घेऊ. ज्या आळ्यांमध्ये शाडूची माती मळली जाते, तिथली पाच-सहा वर्षांची पोरे, मग ती कोणत्याही घरातली असोत, उरलेल्या गोळ्याचे साप, चेंडू, होड्या करत बसतात. त्यांच्या बोटांत जी ताकद असते ती दहा वह्या गिरवून येत नाही. पेणचे दुसरे नाव पापडांचे. पोह्याच्या पापडाचे पीठ कुटून झाले की लाट्या करायला घरातली लहान मुले बसतातच. लाटी सारखी करायची, हाताला तेल लावायचे, एकीला दुसरी चिकटू द्यायची नाही. हे लेखनपूर्व शिक्षण आहे, फक्त त्याची फी कोणी घेत नाही. आपल्या घरी उकडीच्या भाकरीचा गोळा द्या, शेंगा सोलायला द्या, मटार वाटीत मोजून टाकायला द्या.

हे शहाणपण महाराष्ट्राला नवे नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी 1926 साली नूतन बालशिक्षण संघ काढला. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या आणि खेड्यातल्या मुलांसाठी परवडेल अशी बालवाडी घडवली. परदेशी महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने, माती यांवर ती उभी केली. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तोच शब्द देशभर गेला. आज आपल्यातील कितीतरी आया मुलाला अंगणवाडीत पाठवणे कमीपणाचे समजतात. खिचडीसाठी जातो असे वाटेल म्हणून! पण मोहल्ल्यातल्या त्या एका खोलीत दर महिन्याला वजन घेतले जाते आणि तक्त्यावर ठिपका पडतो. दोन महिने तो ठिपका वर सरकला नाही तर काहीतरी बिनसले आहे, हे ताईला मुलाच्या आईआधी कळते.

उंच ग्लासातले सरबत

स्वित्झर्लंडच्या ज्याँ पियाजे यांचे नाव बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. ते 1896 साली जन्मले. त्याच वर्षी महाडजवळच्या नात्यात चिंतामणराव देशमुख जन्मले, ज्यांचे बालपण आमच्या रोह्यात गेले आणि जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पियाजे मोठे झाल्यावर स्वतःच्या तीन मुलांकडे टक लावून पाहत बसले आणि त्यातून त्यांनी मोठे शास्त्र उभे केले. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग आपल्या घरात दर रमजानला होतो.

इफ्तारचा दस्तरखान पडला आहे. सारखेच सरबत एका बुटक्या रुंद ग्लासात आणि एका उंच निमुळत्या ग्लासात. चार वर्षांचे पोर उंच ग्लासासाठी रडते, ‘त्याला जास्त दिलं!’ आई त्याच्यासमोर बुटक्यातले उंचात ओतून दाखवते, परत बुटक्यात ओतते. तरी त्याचे म्हणणे तेच, उंचात जास्त. नऊ वर्षांची बहीण हसते, ‘वेडा आहे, तेवढंच आहे.’ हा वेडेपणा नाही, हट्ट तर नाहीच. चार वर्षांच्या मुलाला एका वेळी एकच गोष्ट धरता येते, उंची दिसली की रुंदी सुटते. सहाव्या-सातव्या वर्षापासून त्याला दोन्ही एकदम धरता येऊ लागतात. ओतलेले मनातल्या मनात परत ओतता येते. तोवर समजावून सांगण्यापेक्षा दोन सारखे ग्लास ठेवणे बरे.

हा फरक ध्यानात आला की शाळेतली पुष्कळ भांडणे मिटतात. बालवाडीतल्या मुलाला ‘सात वजा चार’ येत नाही तेव्हा तो मठ्ठ नसतो, त्याची अजून वेळ झालेली नसते. आठ-नऊ वर्षांच्या पोरांचे बघा. लगोरीत अर्धा वेळ खेळ आणि अर्धा वेळ नियमांवरून वाद. चिंचोके, गोट्या, बसची तिकिटे जमवायची, मोजायची, प्रतवारी लावायची. पियाजेंनी स्वतः दहा-अकरा वर्षांचे असताना पांढऱ्या चिमणीवर एक छोटे टिपण छापून आणले होते. या वयाचे मूल म्हणजे कारकून, न्यायाधीश आणि संशोधक एकाच चड्डीत. दुधाचे दात पडत असतात, सहाव्या वर्षाच्या आसपास मागची पहिली कायमची दाढ गुपचूप येते (ती दुधाची समजून किडू देऊ नका, ती पुन्हा येत नाही) आणि मन नियमांना भुकेले असते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुलांना सातव्या वर्षी नमाज सांगायला आणि दहाव्या वर्षी त्यांची अंथरुणे वेगळी करायला सांगितले, हे आपल्याला माहीत असते. त्यात ‘सात’ हा आकडा आहे, तीन नाही, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. तीन वर्षांच्या मुलाने नातवासारखे पाठीवर चढावे आणि सजदा लांबावा, हेही त्याच घरात घडले आहे. रोजा तर वयात आल्यावरच फर्ज होतो. आमच्या लहानपणी आजी ‘चिडिया रोजा’ ठेवायला लावायची, दुपारपर्यंतचा, आणि संध्याकाळी सर्वांबरोबर खजूर हातात द्यायची. आपणही मोठ्यांच्या पंगतीत आहोत एवढेच त्यातून शिकायचे होते. अलीकडे पाच-सहा वर्षांच्या लेकराने भर मे महिन्यात पूर्ण रोजा ठेवला म्हणून हारतुऱ्यांचे फोटो फिरतात. ते पाहून आम्हाला कौतुकापेक्षा काळजी वाटते.

पेण तालुक्यातले गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव, 11 सप्टेंबर 1895. पुढे अरबी शिकून कुरआनचे सार काढणारे हेच विनोबा. त्यांनी आपल्या आईची एक आठवण सांगितली आहे. अंगणातला फणस पिकला की पोरांना गरे खायची घाई, पण आई आधी द्रोण भरून देई आणि ते गावातल्या घराघरांत पोचवून यायला सांगे. घरातल्यांनी खायचे ते त्यानंतर. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दानाचे व्याख्यान कळले नसते. द्रोण कळला, वाट कळली, शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद कळला. आमच्या मते लहान वयाची तरबियत हीच. जीभ कमी, हातपाय जास्त.

आमची एक चूक

इथपर्यंत पुस्तकी आणि घरगुती शहाणपण सांगितले. आता जे आमच्या हातून घडले ते सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे पहिलीचा वर्ग होता. माध्यमिक विभागात आम्ही नंतर आलो. वर्गात एक मुलगा होता. इमल्यात दहापैकी दोन शब्द बरोबर. प्रश्न विचारला की आधी आमच्या तोंडाकडे बघायचा, मग शेजाऱ्याच्या, मग काहीतरी भलतेच सांगायचा. वर्ग हसायचा. आम्ही प्रगतिपुस्तकात लिहिले, ‘अभ्यासात लक्ष नाही’. आई भेटायला आली तेव्हा आम्ही मोठ्या जाणकारीने सांगितले, ‘घरी कोकणी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, मदरशात अरबी. मुलाचा गोंधळ होतो आहे. घरी एकच भाषा बोला.’ आणि बडबड्या मुलांना पुढे बसवणे भाग होते म्हणून याला शेवटच्या बाकावर नेले.

आईने ऐकले. जन्मापासून जी बोली बोलत होती ती सोडून ती त्याच्याशी तोडक्यामोडक्या उर्दूत बोलू लागली. मुलगा आणखी गप्प झाला.

पुढच्या पावसाळ्यात ग्रामीण रुग्णालयाचे तपासणी पथक शाळेत आले. डॉक्टरांनी मुलाला आमच्याकडे तोंड करून उभे केले आणि त्याच्या मागून हळूच त्याचे नाव उच्चारले. तो हलला नाही. जरा मोठ्याने हाक मारली, तरी नाही. मग डाव्या बाजूने टाळी वाजवली, तरी तो आमच्याकडे बघून हसत उभा. कानात बॅटरी धरून डॉक्टर म्हणाले, ‘दोन्ही पडद्यांना भोके आहेत. डावा जास्त खराब आहे. कान कधीपासून वाहतो आहे?’ आईने सांगितले, दोन वर्षांचा होता तेव्हापासून, दर पावसाळ्यात उशी ओली होते, आजी लसूण घालून कोमट तेल सोडते. मग ती आमच्याकडे वळून म्हणाली, ‘टीचर, मी घरी ओरडूनच बोलते. मला वाटायचं हट्टी आहे, मुद्दाम ऐकत नाही.’

आठ महिने आम्ही त्या मुलाला शेवटच्या बाकावर बसवले होते.

म्हणून हे पोटतिडकीने लिहितो. वाहणाऱ्या कानात तेल, लसणाचा रस, काहीही घालू नये. कान कोरडा ठेवावा आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. दीड वर्षापर्यंत मुलाच्या तोंडून एकही अर्थाचा शब्द निघाला नाही, दोन वर्षांपर्यंत ‘पानी दे’ सारखे दोन शब्द जोडता आले नाहीत, तर ‘बाप पण उशिरा बोलला होता’ म्हणून थांबू नये. आधी कान तपासावेत. आणि भाषांना दोष देऊ नये. आईची बोली तर कधीच काढून घेऊ नये. मूल तीन-चार भाषा सहज पेलते. दादीशी कोकणी, भाजीवाल्या काकूंशी मराठी, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. मधून भेसळ होते, एका वाक्यात दोन भाषा येतात, पण तो गोंधळ नसतो, जवळ असेल तो शब्द वापरणे असते. आपण मोठी माणसे नाही का ‘मोबाइल चार्ज करायला लाव’ म्हणत?

‘आता तू मोठी झालीस’

दहाव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंतच्या काळाला जागतिक आरोग्य संघटना किशोरवय म्हणते. मुली या रस्त्याला मुलांपेक्षा साधारण दोन वर्षे आधी लागतात. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गफोटोत मुली ताडासारख्या आणि मुले त्यांच्या खांद्याशी असतात. मुलगे मग तेराव्या-चौदाव्या वर्षी एकाच वर्षात नऊ-दहा सेंटिमीटर वाढतात. आधी पावले आणि हात लांबतात, धड मागून येते. म्हणून या वयात ग्लास फुटतात, पाय दाराला आपटतात आणि ईदची चप्पल बकरीदला आखूड होते. ‘धांदरट’ म्हणण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे.

आमच्या आठवीत एक मुलगी नागोठण्याच्या बाजूने गाडीने यायची. गणितात चांगली, बोलायला धीट. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. एक आठवडा, दोन आठवडे. निरोप मिळाला, ‘घरात काम आहे’. आम्ही दोघीजणी एका रविवारी घरी गेलो. वडील आखातात. आईने चहा, नानकटाई ठेवली, इकडचे-तिकडचे बोलली. शेवटी म्हणाली, ‘आता मोठी झाली ती. गाडीचा प्रवास, जमाना कसा आहे…’ मुलगी पडद्याआड उभी होती. आईचे बोलणे संपल्यावर तिने आम्हाला मागच्या पडवीत बोलावून खरे सांगितले. वर्गात कपड्याला डाग पडला होता. मागच्या बाकावरची मुले हसली. शाळेच्या बाथरूमला कडी नव्हती, पाणी नव्हते. ती सबंध दिवस बाकावरून उठली नाही, प्यायलीही नाही काही. संध्याकाळी गाडीत ओढणी कमरेला बांधून उभी राहून गेली.

ना जमाना आडवा आला होता, ना दीन. एक कडी आणि एक बादली आडवी आली होती. आणि ती आमच्या इमारतीत, आमच्या नाकासमोर होती.

कडी दुसऱ्या दिवशी लागली. बादली, झाकणाचा डबा, कपाटात पॅड आणि एक जादा सलवार, एवढे शिक्षिकांनी वर्गणी काढून केले. मुलांना आम्ही वेगळे बसवून शरीरशास्त्राचा धडा सरळ शब्दांत शिकवला. हसले ते पहिली पाच मिनिटे. तिच्या वडिलांशी व्हिडिओ कॉलवर बोललो. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘मला कोणी सांगितलंच नाही. मला वाटलं तिलाच शिकायचं नाही.’ दोन चुलत बहिणींच्या सोबतीने ती परत आली आणि दहावी झाली. त्याच वर्षी गेलेल्या दुसऱ्या एकीच्या घरी जायला आम्हाला उशीर झाला. पोचलो तेव्हा मेंदीचा दिवस ठरला होता. ती पंधरा वर्षांची होती. चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर आमच्या फोनमध्ये होता आणि आम्ही तो लावला नाही. शेजारपाजार, ओळखीपाळखी, ‘मास्तरणीने घर फोडलं’ म्हणतील ही भीती. ते आजही टोचते.

ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांचे लग्न तेराव्या वर्षी झाले होते आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. घरच्यांनी त्यांना परत शाळेत बसवले. ते केले नसते तर कोसबाडच्या टेकडीवरची वारली मुलांची शाळा आणि हजारो अंगणवाड्यांचे वळण कोणाच्या हातून घडले असते, सांगता येत नाही. बाळंतपणासाठी शरीर तयार होणे आणि पाळी सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळीनंतरही मुलगी काही सेंटिमीटर वाढते, तिची हाडे भरायची असतात आणि रक्त तर भरायचेच असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळले. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुली ओढणीच्या टोकाला बांधून नेतात आणि खिडकीतून टाकतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, म्हणून टाकतात. जेवणानंतर द्या आणि तिच्यावर लगेच चहा देऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही.

मुलग्यांविषयी घरात कोणीच बोलत नाही. त्यांचाही आवाज फुटतो, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, रात्री अंथरुणात जे होते त्याने ते घाबरतात. गुस्लचे मसले मदरशात शिकवले जातात, पण ‘हे तुला होणार आहे आणि त्यात गुन्हा नाही’ असे बाप सांगत नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत बाप दोन वर्षांतून एकदा येणारी बॅग असतो. फोनवर एकच प्रश्न, ‘मार्क किती?’ आणि मार्क कमी असले तर त्याची भरपाई म्हणून की काय, सुट्टीवर येताना नवा मोबाइल, दुसऱ्या सुट्टीत मोटारसायकल. सोळा वर्षांचा मुलगा वडखळच्या हायवेवर तिघांना बसवून नेतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाच्या पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे सांगितले की लोक हसतात.

या वयात मेंदूचे काम अर्धे झालेले असते. हौस, राग, थरार आणि ‘मित्र काय म्हणतील’ हे सांगणारा भाग जोरात असतो. ‘थांब, विचार कर’ म्हणणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण होतो. इंजिन नवे, ब्रेक अजून बसवायचे आहेत. शरीराचे घड्याळही पुढे सरकते, रात्री झोप उशिरा येते. त्यात हातात मोबाइल असला की दोन वाजतात. आठ ते दहा तास झोप हवी असलेले पोर पाच तासांवर उठते आणि आपण फज्रला त्याला ‘आळशी’ म्हणून उठवतो. मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागला, अब्बूंचाही, तर निम्मे भांडण मिटते. ‘अब्बूंचाही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आम्ही आमच्या घरी करून पाहिले. पहिला आठवडा सर्वांत जास्त कुरकुर अब्बूंनीच केली.

हजरत अनस (रजि.) दहा वर्षांचे असताना प्रेषितांच्या (स.) घरी सेवेला आले आणि पुढची दहा वर्षे राहिले. म्हणजे नेमकी हीच वर्षे, ज्यांत आपल्या घरी दिवसाला दहा वेळा ‘हे का केलंस, ते का नाही केलंस’ होते. अनस (रजि.) यांची साक्ष अशी आहे की त्या दहा वर्षांत त्यांना असे एकदाही विचारले गेले नाही. आणि कुरआनात हजरत लुकमान मुलाला उपदेश करतात तेव्हा हाक लाडाची मारतात, बाळा म्हणून. मुलगा लहान नसावा, कारण गोष्टी मोठ्या सांगितल्या आहेत. शेवटी चाल मध्यम ठेव, आवाज खाली ठेव, असेही सांगितले आहे. आवाज फुटलेल्या पोराला हे कोणी तरी सांगायलाच हवे होते!

तो शेवटच्या बाकावरचा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. एका पडद्याचे ऑपरेशन मुंबईला झाले, उजवा कान चांगला ऐकतो, डावा फारसा नाही. आईने पुन्हा कोकणी धरली, आणि आता ती तक्रार करते की बोलायचा थांबत नाही. सकाळी रोह्याच्या फलाटावर तो आम्हाला भेटतो, आमच्यापेक्षा वीतभर उंच, मनगटे शर्टाच्या बाहेर आलेली. परवा गाडीत आम्ही त्याच्यासाठी खिडकीची जागा धरली होती. तो उभाच राहिला. म्हणाला, ‘टीचर, तुम्ही खिडकीला बसा. मी या बाजूला बसतो, म्हणजे तुमच्याकडे चांगला कान येतो.’